दुसरी चूल

देवास, थोरली पाती
मार्गशीर्ष शु. ५, शके १८३०

गं. भा. अक्कास धाकट्या श्रीपादाचा साष्टांग नमस्कार.

पोचलो. इंदुरास एक मुक्काम पडला, तिथून टांगा. अंग इतकं खिळखिळं झालं, की आपल्या ओळखीच्या दत्तोपंतांच्या ओसरीवर पडलो तो दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावरच उठलो. तू पहिल्यांदा काय विचारशील ते मला पाठ आहे, म्हणून आधीच लिहितो. शिकवायला जातो त्या ख्रिस्ती साधूंकडचं पाणी पीत नाही, काही खात नाही. माझा तांब्या माझ्याबरोबर असतो. शिकवून आलो की विहिरीवर स्नान, मग माझी खिचडी. झालं समाधान?

आता त्या घराविषयी. टेकडीच्या पायथ्याला लांबट कौलारू घर आहे. नऊ विद्यार्थी, सगळे विशी-बाविशीचे. पाच फ्रान्सातले, दोन मंगळूरचे, दोन वसईकडचे. वर चार वडील साधू, त्यांतले मुख्य एक म्हातारे फ्रेंच गुरू, त्यांना अख्खं गाव ‘बडे फादर’ म्हणतं. ही मुलं अजून पुरते साधू नाहीत, साधू होण्याचं शिक्षण चाललं आहे. अंगात तपकिरी झगा, कमरेला दोरी, पायात साध्या वहाणा. मी त्यांना हिंदी आणि मराठी शिकवतो. मला वाटत होतं, यांचं खरं शिक्षण म्हणजे त्यांच्या पोथ्या. तसं बडे फादरांना म्हटलं, तर ते हसले. म्हणाले, “मास्टरजी, किताब तो कोई भी पढ ले. इथं मुख्य विषय एकच, एकत्र राहणं.”

मी मनात म्हटलं, हा काय विषय झाला? आपण तर पाळण्यात असल्यापासून तेच करतो. पण अक्का, आठ दिवस बघतोय आणि खरंच थक्क झालोय.

कामाची पाळी दर आठवड्याला फिरते. या आठवड्यात जो झाडतो तो पुढच्या आठवड्यात पाणी भरतो, मग चुलीशी, मग भांड्यांशी. शुक्रवारी भांडी घासायला स्वतः बडे फादर बसतात. सत्तरीचा माणूस राखेनं हंडा घासतोय, आणि काल आलेला मंगळूरचा पोरगा त्यांना सांगतोय की इथं काळं राहिलं, पुन्हा घासा! आणि ते घासतात! जेवताना कुणी बोलत नाही. एकजण उभा राहून काही वाचतो, बाकीचे ऐकत जेवतात. मीठ हवं असलं तरी मागायचं नाही, शेजाऱ्यानं ओळखून पुढं करायचं. माझ्या वर्गाच्या खिडकीतून सगळं दिसतं. आपल्याकडे मीठ मागितलं तर वाटी आपटण्याचा आवाज येतो, इथं न मागता येतं.

आणखी एक गंमत. इथं ‘माझं’ म्हणायचं नाही. पुस्तक, झगा, वहाणा, सगळं ‘आमचं’. त्यांच्यात अल्बेर नावाचा एक फ्रेंच मुलगा आहे, बुद्धीनं वीज, मला मिळालेला आजवरचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. बाजारातून भावाला म्हणतात तो ‘भिया’ शब्द उचलून आणलाय आणि आता बडे फादरांनाही भिया म्हणतो. काल तोंड पाडून मला म्हणाला, “मास्तर भिया, आमचं पोट दुखतं.” मी घाबरलो. म्हटलं, नवांच्या नवांचं?

घरचं सविस्तर लिही. दादा, वहिनी, मुलं सगळी बरी असतील. धाकटीला म्हणावं, नवऱ्याची काळजी नको.

तुझा,
श्रीपाद

•

धार
मार्गशीर्ष व. २

चि. श्रीपाद यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तांब्याचं लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मी विचारणारच होते. भाऊबंदांनी वाटून घेतलेल्या गावात तू एकोपा बघायला गेलास, याचं मात्र मला हसू आलं. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी पाती, एकाच घराण्याचे दोन दरबार. आता आपल्या घरातही तेच व्हायचं आहे, म्हणून ऐक.

नर्मदेनं नवऱ्याच्या, चिंतामणीच्या, कानाशी लागून लागून शेवटी त्याला कबूल करून घेतलं. पाडव्याला मागच्या पडवीत तिची दुसरी चूल पेटणार. चिंतामणी माझ्यासमोर उभा राहून जमिनीकडे बघत सांगत होता, दरबारच्या फडात साहेबापुढं उभा असल्यासारखा. म्हणाला, “अक्का, रोजची कटकट. मला फडातून घरी यावंसं वाटत नाही.” मी म्हटलं, आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि श्रीपाद चार. मी कपाळ पुसून सासरहून परत आले ती तुम्हा दोघांना एका ताटात भरवायला बसले. ते ताट आता तू फोडणार? तो डोळे पुसत निघून गेला मेला.

दोघी जावांचं काय बिनसलंय ते तुला ठाऊकच आहे. नर्मदा म्हणते, पार्वती माझ्या मुलांच्या खाण्यावर डोळा ठेवते. तुझी पार्वती म्हणते, नर्मदेनं मला वांझ म्हटलं. दोघी माझ्याजवळ येऊन रडतात. मी एकीची समजूत घालून उठते तोवर दुसरी तोंड फुगवून उभी. देव जाणे कोण खरं बोलतं. माझा जीव अर्धा झाला. सगळं घर मीच ओढतेय, सकाळच्या सड्यापासून रात्रीच्या विरजणापर्यंत, आणि त्याचं हे फळ.

श्रीपाद, मला या घरात दोन धूर बघायचे नाहीत. तेवढं एक बघायची वेळ आली तर मी कुठं तीर्थाला जाऊन बसेन, खरंच सांगते. तुझे ते साधू कुणाच्या रक्ताचे ना नात्याचे. कुठला फ्रान्स, कुठलं मंगळूर! ते नऊजण एका हंडीतलं खातात आणि भांडत नाहीत, ते कसं? काहीतरी युक्ती असेलच. नीट बघ आणि मला लिही. पाडव्याला अजून साडेतीन महिने आहेत.

गराडूचे कंद येऊ लागलेत. तुझ्या आठवणीनं तळले नाहीत.

अक्का

•

देवास
पौष शु. ६

अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस वर्गात लक्ष लागलं नाही. पण देवानं तुझ्या प्रश्नाचं उत्तर समोर आणून ठेवलं. युक्ती सापडली!

दर शुक्रवारी संध्याकाळी सगळे मधल्या खोलीत जमतात. मी ओसरीवर वह्या तपासत होतो, दार उघडं होतं. एकेक जण मधे येतो, गुडघे टेकतो आणि हळू आवाजात काही सांगतो. भाषा त्यांची, मला एक अक्षर कळलं नाही. पण तोंडावरून सगळं कळत होतं. सांगणाऱ्याचा आवाज कापतो, ऐकणाऱ्यांपैकी कुणाचे तरी कान लाल होतात. वसईचा पास्कू म्हणून एक जाडा, सावकाश मुलगा आहे. तो बोलला तेव्हा अल्बेरनं मान खाली घातली. अल्बेर बोलला तेव्हा पास्कूच्या डोळ्यांत पाणी. सगळ्यांचं झालं की बडे फादर दोन वाक्यं बोलतात, आणि लगेच घंटा, जेवण, आणि ही मंडळी अशी हसत भांडी घासायला बसतात की जणू काही झालंच नाही!

मी नंतर विचारलं, हे काय होतं? मंगळूरचा मुलगा म्हणाला, “मास्तर, आठवड्यात जे जे चुकलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मनात ठेवायचं नाही.”

कळलं ना? कुणाचं काय खटकलं ते माघारी कुजबुजायचं नाही, समोरासमोर सगळ्यांच्या देखत सांगून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. सगळं चुलीमागं, पदराआड. अक्का, तूही हे करून बघ. सणाचा दिवस धर, चौघं बसा, आणि दोघींना म्हणावं, जे आहे ते एकमेकींच्या तोंडावर बोला.

त्यांचा येशूजन्माचा सण परवाच झाला. अल्बेरनं एकट्यानं सगळं घर झाडलं, पाणी भरलं, दिवे पुसले, पास्कूच्या पाळीतल्या बाफल्यांचं, त्या भाजायच्या गोळ्यांचं, पीठसुद्धा त्यानंच मळून टाकलं. असा कामाचा मुलगा मी बघितला नाही. माघात त्यांच्या एका सणाला तिघांना पुरते साधू होण्याचं व्रत मिळायचं आहे, त्यात याचा पहिला नंबर असणार यात मला शंका नाही.

श्रीपाद

•

धार
पौष व. ८

श्रीपाद यास आशीर्वाद.

तुझ्या युक्तीला आग लागो.

काल संक्रांत. तिळगूळ वाटून झाला, मुलं पतंगामागं गच्चीत गेली, म्हटलं हीच वेळ. चिंतामणीला बसवलं, दोघींना बसवलं, मी मधे. सांगितलं, श्रीपादाच्या साधूंची रीत आहे, मनातलं सगळं समोर बोलायचं. दोघी आधी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग पार्वती म्हणाली, “वन्सं, खरंच बोलू?” मी म्हटलं, बोल.

आणि जी सुरुवात झाली! पार्वतीनं लग्नातल्या मानाच्या लुगड्यापासून काढलं. नर्मदेनं त्याच्याही आधीचं काढलं, बघायला आलो तेव्हा तुझ्या आईनं शिरा करपवला होता इथपासून. चिंतामणी दोनदा “बास करा” म्हणाला आणि तिसऱ्यांदा टोपी घालून बाहेर पडला, तो आज सकाळी आला. पार्वती ओरडली, “तुम्ही मला वांझ म्हणालात!” नर्मदेनं पोरांची शपथ घेतली, की हा शब्द माझ्या तोंडून कधी गेला नाही. पार्वती म्हणाली, शपथेला पोरं आहेत म्हणून घेताय! झालं. नर्मदेनं आज गाडी जुंपायला लावली आणि तिन्ही मुलांना घेऊन धामनोदच्या वाटेनं महेश्वरला माहेरी गेली. जाताना म्हणाली, पाडव्याआधी येईन ती चूल घालायलाच येईन.

हे झालं एक. आता दुसरं, ते तुझं.

रागाच्या भरात पार्वती बोलून गेली, “घाला हो चूल! आम्हीच कुठं राहणार आहोत? यांनी देवासला दोन खोल्या ठरवल्यात.” श्रीपाद, मी भिंतीला टेकून बसले. धाकट्या पातीत, रस्त्याच्या पलीकडे, दोन खोल्या, चैत्रापासून. हे तू जाण्याआधीच ठरवलेलं. मला लिहितोस दत्तोपंतांच्या ओसरीवर राहतो, आणि इकडे मी तुला विनवतेय, घर मोडू नये म्हणून युक्ती बघ! चिंतामणी निदान समोर उभा राहून बोलला. तू नमस्कार करून गेलास.

मला आता उत्तर नको.

अक्का

•

देवास
माघ शु. १५

अक्कास साष्टांग नमस्कार.

उत्तर नको म्हणालीस तरी लिहितो. फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तुझं पत्र आलं त्याच्या आठवड्यानं इथं एक गोष्ट घडली. व्रत कुणाला द्यायचं ते ठरवताना इथले चार वडील साधू मत देतात. तोंडानं नाही. एक मडकं फिरतं, होकाराला पांढरा वाल टाकायचा, नकाराला काळा उडीद. तिघांपैकी दोघांना होकार मिळाला. त्यात पास्कू! आणि अल्बेरला सांगितलं, अजून एक वर्ष थांब.

माझं डोकं फिरलं. मी तडक बडे फादरांकडे गेलो. म्हटलं, हा काय न्याय? तो मुलगा सगळ्यांची कामं करतो! ते म्हणाले, “यही तो बात है, मास्टरजी.” मग त्यांनी मला बसवलं आणि सावकाश सांगितलं. पास्कू इथं आला तेव्हा त्याला पीठ मळता येत नव्हतं, आणि दोन वर्षांनी आजही येत नाही, कारण अल्बेर त्याच्या पुढ्यातली परात ओढून घेतो. कुणी आजारी पडला तर अल्बेर त्याची रात्र जागतो, पण स्वतःला ताप आला तेव्हा त्यानं तीन दिवस कुणाला कळू दिलं नाही. “त्यानं या घराला सगळं दिलं,” म्हणाले, “घेतलं मात्र काहीच नाही. अशा माणसापुढं बाकीचे आठजण पाहुणे होऊन बसतात.” म्हणून वर्षभर त्याला नेम घालून दिलाय. दुसऱ्याचं काम हिसकायचं नाही, आणि रोज एका भावाकडे काहीतरी मदत मागायची.

मला वाटलं, आता हा मुलगा गाशा गुंडाळणार. एवढा बुद्धिमान, फ्रान्सात कुठंही मोठा झाला असता. दुसऱ्या दिवशी बघतो तर स्वयंपाकघरात पास्कूसमोर उकिडवा बसलाय आणि म्हणतोय, “पास्कू भिया, आम्हाला शिकव.” पास्कू चुकीचं मळत होता आणि हा शहाणा तसंच चुकीचं मळत होता. दोघांचे बाफले दगड झाले आणि नवाच्या नवांनी ते मुकाट्यानं खाल्ले. अक्का, तिथं खिडकीशी उभा राहून मला भरून आलं. व्रत मिळालेल्या दोघांपेक्षा मला तोच मोठा वाटला.

मग मी त्याला तुझ्या संक्रांतीची हकिकत सांगितली. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “मास्तर भिया, हे तुम्ही काय केलंत! शुक्रवारी जो तो स्वतःचाच गुन्हा सांगतो. दुसऱ्याचं नाव घेतलं तर बडे फादर घंटी वाजवून त्याला खाली बसवतात. दुसऱ्याचा गुन्हा सांगायला गुडघे कशाला टेकायला हवेत? तो उभ्यानंही सांगता येतो.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चौदा वर्षं मास्तरकी केली, आणि समोर घडलेलं इतकं उलटं वाचलं! कान लाल झालेले दिसले, ते ऐकून नव्हेत. प्रत्येकाला आपली पाळी आठवून झाले होते.

मी त्याला विचारलं, तू त्या शुक्रवारी काय सांगितलंस? विचारायला नको होतं, पण त्यानं सांगितलं. “पास्कू हळू मळतो म्हणून राग येतो आणि परात ओढतो, असं वाटायचं. पण ते खोटं. माझ्यावाचून या घरात सगळ्यांचं अडतं, हे मला गोड लागायचं.” त्या वेळी तो ‘आमचं’ म्हणाला नाही, ‘माझं’ म्हणाला.

आता माझा गुन्हा. खोल्या मी ठरवल्या. धाकटीचा त्यात काही दोष नाही. घरात आवाज चढले की मी ताटावरून उठून ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसायचो, आठवतं? तेच पुढं नेलं, आणि ओसरीवरून देवासला आलो. तुझ्यासमोर उभं राहून सांगायची छाती झाली नाही म्हणून खोटं लिहिलं. तू मला भरवलंस, वाढवलंस, आणि मी तुला सांगितलंदेखील नाही. मला फार लाज वाटते. क्षमा मागायलाही तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
श्रीपाद

•

(कार्ड)
धार
फाल्गुन शु. १०

श्रीपाद यास आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. उत्तर द्यायला सवड झाली नाही. नर्मदा मुलांसह माहेराहून आली. मागच्या पडवीत चूल घातली, लिंपून झाली, वाळतेय. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. त्या अल्बेरचं बोलणं तू मला टोचावं म्हणून लिहिलंस का? तसं असेल तर सरळ लिही, आडून नको. अक्का.

•

(कार्ड)
देवास
फाल्गुन व. १

अक्कास सा. न. तुझी शपथ, तुला टोचायचं माझ्या मनातही नव्हतं. मी ते मला लागलं म्हणून लिहिलं. तुला का लागलं? तुझ्यात कसला गुन्हा? अल्बेर मजेत. काल त्यानं माझ्याकडे मदत मागितली, वहाणेचा तुटलेला अंगठा शिवून द्या म्हणून. मी ब्राह्मण, आणि चामडं! मोची दोन पावलांवर होता. तरी शिवून दिला, मग स्नान केलं. श्रीपाद.

•

धार
चैत्र शु. १, शके १८३१

चि. श्रीपाद यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आज पाडवा. तुला जे लिहितेय ते आधी घरात बोलून झालंय, म्हणून लिहिता येतंय. नाहीतर हात धजला नसता.

तुझं ते मोठं पत्र मी सात-आठ वेळा वाचलं. पहिल्यांदा म्हटलं, बरी जिरली त्या पोराची. दुसऱ्यांदा म्हटलं, हा मेला मलाच उद्देशून लिहितो. नंतर नंतर ते वाचायचीच भीती वाटायला लागली. कार्डावर तू विचारलंस, तुझ्यात कसला गुन्हा? त्या एका ओळीनं माझी झोप गेली.

सकाळी चिंतामणीनं गुढी उभारली. नर्मदा माझ्या चुलीतले निखारे न्यायला घमेलं घेऊन आली. मी म्हटलं, थांब. पार्वतीला हाक मारली, चिंतामणीला आत बोलावलं. गुडघे काही टेकले नाहीत. माझे गुडघे टेकले तर उठवायला दोघं लागतात. पाटावर बसले आणि म्हटलं, मला माझं सांगायचंय, मधे कुणी बोलायचं नाही.

मग सांगितलं. पार्वती, नर्मदा तुला वांझ कधीच म्हणाली नाही. ती मला म्हणाली होती, “वन्सं, पार्वतीच्या कडेवर मूल आलं की घर कसं भरेल!” तुझ्याकडे येताना ते मी फिरवलं, आणि तो शब्द माझा. नर्मदे, पार्वती तुझ्या मुलांच्या खाण्यावर डोळा ठेवत नाही. तुझ्या धाकट्याला जेवताना बघून ती कौतुकानं म्हणाली होती, “किती छान जेवतो!” तुला सांगताना त्यातलं कौतुक मी काढून घेतलं. आणि हे दोनच नाही, अशी कितीतरी.

श्रीपाद, का केलं म्हणशील तर तेही सांगितलं. पार्वती नवीन लग्न होऊन आली तेव्हा दोघी मागच्या दारी बसून खिदळायच्या. मी आले की गप्प. मला वाटलं, या दोघी एक झाल्या तर भावांच्या घरी राहणाऱ्या बोडक्या नणंदेला विचारणार कोण? मग एकीचं दुसरीला सांगायला लागले. दोघी रडत माझ्याकडेच यायला लागल्या. मला ते बरं वाटायचं रे. मी घर धरून ठेवते असं सगळ्यांना सांगत होते, आणि मीच ते उसवत होते.

बोलून झालं. चिंतामणी दाराकडे तोंड करून उभा. मला वाटलं, संपलं, आता गाठोडं बांधायचं आणि ओंकारेश्वर गाठायचं.

आधी नर्मदा बोलली. म्हणाली, “वन्सं, माझंही आहे. मला मधे मधे शंका यायची. पार्वतीला एकदा विचारलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. विचारलं नाही, कारण मग वेगळं निघायला कारण उरलं नसतं.” पार्वती तर हुंदके देत होती. तिनं सांगितलं, खोल्यांचा हट्ट माझा. ते नको नको म्हणत होते, मी अन्न सोडलं तेव्हा त्यांनी ठरवल्या. तू सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस, माझ्याशी पुन्हा खोटं बोललास. या खोट्याला मात्र मी तुला काही म्हणणार नाही.

मग नर्मदेनं घमेल्यात निखारे घेतलेच. मागच्या पडवीत गेली, चूल पेटवली, आणि आंघोळीच्या पाण्याचा हंडा तिच्यावर चढवला. म्हणाली, “एवढी लिंपली ती काय बघायला? पाणी तापत जाईल.” चिंतामणी इतक्या मोठ्यानं हसला, की मुलं धावत आली.

त्या अल्बेरला माझा आशीर्वाद सांग. देव कुठला का असेना, पोरगा खरा आहे. बडे फादरांनाही नमस्कार सांग. त्या खोल्यांचं तुम्ही दोघं नवराबायको ठरवा, मी त्यात पडणार नाही. राहायचं असेल तर देवासला उजळ माथ्यानं राहा. पण तू गुन्हा कागदावर सांगितलास तो मी धरत नाही. इथं ये आणि चिंतामणीसमोर तोंडानं सांग.

दुपारी पुरण झालं. मी नेहमीसारखी सगळ्यांना वाढायला पदर खोचला. तुझ्या कदाचित कधी लक्षात आलं नसेल, मी या घरात आजवर सगळ्यांच्या मागून, एकटी, भांड्यांच्या गराड्यात जेवत आले. कुणी ‘बसा’ म्हटलं तरी बसायची नाही. त्यातही माझा तोरा होता. आज पार्वतीनं माझ्या हातातून वाढणं काढून घेतलं आणि नर्मदेनं पाट मांडला. मी नाही म्हणणार होते. मग म्हटलं, नको, आज मागू या. म्हटलं, मुलींनो, मला भूक लागलीय, वाढा.

दोघी वाढत होत्या, एकीनं पोळी, एकीनं तूप. मी एक्कावन्न वर्षांची बाई, आई गेल्यावर पहिल्यांदा कुणाच्या हातचं आयतं जेवत होते. सवयीनं भराभर घास घ्यायला लागले. नर्मदा पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “सावकाश जेवा वन्सं, घाई नाही.”

अक्का